गिरण्यांची मुंबई आणि कामगारांची पहिली संघटना (१८५४ ते १९००): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरणी कामगार म्हटलं की बहुतेकांना १९८२चा संप आठवतो. पण त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी परळच्या एका मैदानात गिरणीतली माणसं जमली होती आणि त्यांनी आपल्या मागण्या कागदावर उतरवल्या होत्या. त्या काळाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कोणती?

कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने १८५४ साली ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली. गिरणी ताडदेवला उभी राहिली आणि प्रत्यक्ष सूत निघायला १८५६ साल उजाडलं. काही ठिकाणी १८५४ तर काही ठिकाणी १८५६ लिहिलेलं दिसतं, त्याचं कारण एवढंच. पाठोपाठ माणेकजी पेटिट यांची ओरिएंटल गिरणी आली. यंत्रं विलायतेहून, त्यातही बरीचशी लँकेशायर या इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या प्रांतातल्या ओल्डहॅमहून यायची आणि ती जोडायला, चालवायला सुरुवातीला साहेबही तिकडूनच यायचे. भांडवल मात्र इथलं होतं. पारशी, भाटिये, गुजराती बनिये, बगदादी ज्यू अशा व्यापाऱ्यांनी कापूस आणि अफूच्या धंद्यात कमावलेला पैसा गिरण्यांत गेला. कलकत्त्याच्या ताग गिरण्या गोऱ्या कंपन्यांच्या हातात होत्या, मुंबईच्या कापडगिरण्या बहुतांशी देशी मालकांच्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कायद्याच्या भांडणात तो कामाला येतो.

कापूस तर वऱ्हाड-खानदेशात पिकतो. मग गिरण्या मुंबईतच का?

कारण कापूस मुंबईच्या बंदरातच यायचा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली ती शोभेची होती असं म्हटलं तरी चालेल. खरा बदल १८६३ साली भोरघाट आणि त्यानंतर दोन वर्षांनी थळघाट चढून गाड्या देशावर पोचल्या तेव्हा झाला. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि विलायतेचा रस्ता निम्म्यावर आला. त्यात मुंबईची दमट हवा सुताला मानवते, कोरड्या हवेत धागा तुटतो. बंदर, पेढ्या, दलाल, विमा कंपन्या सगळं हाताशी होतं. शिवाय सुरुवातीच्या गिरण्या कापडापेक्षा सूतच जास्त काढत आणि त्यातलं पुष्कळसं जहाजाने चीनला जाई.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबई श्रीमंत झाली, हे खरं का?

झाली आणि मग बुडालीही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस अडकला, लँकेशायरला हिंदुस्थानी कापूस घ्यावा लागला आणि चार-पाच वर्षांत सुमारे ८ कोटी पौंडांचा जादा पैसा मुंबईत आला असा अंदाज नेहमी दिला जातो. तो बँका काढण्यात आणि समुद्रात भराव घालायच्या कंपन्यांचे शेअर फिरवण्यात उडाला. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळाचे बादशहा. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या हिशेब चुकते करायच्या दिवशी निम्मं शहर दिवाळ्यात निघालं. १८६४च्या मोजणीत ८,१६,५६२ असलेली वस्ती १८७२ला ६,४४,४०५ भरली.

गिरण्यांच्या दृष्टीने ही तेजी उपयोगापेक्षा अडथळाच होती. कच्चा कापूस परदेशी धाडून रातोरात पैसा मिळत असताना सूत कातायच्या भानगडीत कोण पडतो? सट्ट्याची हवा उतरल्यावर, १८७०नंतर, शहाण्या व्यापाऱ्यांनी पैसा धुराड्यांखाली घातला.

गिरण्या किती झपाट्याने वाढल्या?

१८६५ साली शहरात दहाएक गिरण्या आणि साडेसहा हजारांच्या आसपास कामगार होते. १८९०च्या सुमारास गिरण्या सत्तरच्या घरात गेल्या आणि १८९५ला कामगार सुमारे ७५ हजार झाले. शतक संपताना गिरण्या ८२ होत्या. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी असा भाताच्या खाचरांचा आणि वाड्यांचा भाग तीस वर्षांत धुराड्यांनी भरला.

या वाढीमागे एक फारशी न बोलली जाणारी गोष्ट आहे. गिरणी चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटला कमिशन मिळायचं ते नफ्यावर नाही, उत्पादनावर. एक रत्तल (पौंड) सुतामागे पाव आणा. माल खपो न खपो, सूत जितकं जास्त तितकी एजंटाची कमाई. भागधारक ओरडत राहिले. कामाचे तास लांबवण्याची घाई कुठून यायची हे यावरून कळतं.

कामगार कुठून आले?

१८८१च्या जनगणनेत मुंबईतल्या लोकांपैकी मुंबईत जन्मलेले शेकडा अठ्ठावीससुद्धा नव्हते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वा लाखांच्या घरात होते. त्या वेळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला. बाकीचे सातारा, कुलाबा, पुणे, नगर इकडचे. कोकणातली जमीन थोडी, त्यावर खोताचा वाटा आणि सावकाराचं व्याज. बोटीने एक-दोन दिवसांत मुंबई गाठता येई. घरातला एक भाऊ शेती बघायचा, दुसरा मुंबईला जायचा. पैसे गावी पाठवायचे, पेरणीला नाहीतर शिमग्या-गणपतीला परतायचं, आजारी पडलं की गावीच जायचं.

मालक याला ‘कामगाराला शिस्त नाही, तो अर्धा शेतकरीच आहे’ असं म्हणत. आपल्याकडच्या लिखाणातही हे वाक्य बरीच वर्षं फिरत राहिलं. मला ते उलटं वाटतं. मालकाने म्हातारपणाची सोय केली नव्हती, आजारपणाची नव्हती, बाळंतपणाची नव्हती. ते सगळं गाव करत होतं. संप पडला तर चार आठवडे पेज-भाकरीला गाव होतं. युनियनचा फंड नव्हता त्या काळात गाव हाच फंड होता. कोकणातल्या एका भावाच्या शेतीवर मुंबईच्या गिरणीची स्वस्त मजुरी उभी होती आणि त्याच शेतीवर संप करायची हिंमतही.

मुकादम म्हणजे नेमकं कोण?

गिरणीच्या भाषेत जॉबर. माणसं भरती करणं, हजेरी, कामावर नजर, काढून टाकणं हे सगळं त्याच्या हातात असे. बायकांच्या खात्यात नायकीण हे काम करायची. गावाकडचा माणूस मुंबईत उतरला की तो ओळखीच्या मुकादमाकडे जायचा. खोली, खाणावळीत उधारी, कर्ज आणि नोकरी एकाच माणसामार्फत लागायची. बदल्यात दस्तुरी, म्हणजे त्याचा हप्ता, द्यावी लागे, कधी पगारातून, कधी सणाला. रोज सकाळी गेटवर बदली कामगार उभे असत. कुणाचा खाडा झाला की मुकादम त्यांच्यातून एकाला आत घेई.

मुकादमाला नुसता खलनायक करून चालत नाही. साहेबाला मराठी येत नसे आणि मालक खात्यात पाऊल ठेवत नसे. साहेब आणि कामगार यांच्यामध्ये बोलणारा तोच एक. आपली माणसं बिथरली तर त्याचीही किंमत शून्य. म्हणून त्या काळातले कितीतरी संप मुकादमांनी मोडले आणि कितीतरी त्यांनीच घडवले.

कामाचे तास आणि पगार कसे होते?

गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे सूर्य हेच घड्याळ. उजाडलं की भोंगा आणि दिवस मावळला की सुट्टी. हिवाळ्यात अकरा-बारा तास, उन्हाळ्यात तेरा-चौदा. जेवायला धड सुट्टी नसे, साचा (यंत्र) चालू असताना भाकरी खायची आणि तंतूही तिच्याबरोबर. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. ज्या रविवारी गिरणी बंद असे त्या दिवशीही यंत्रं पुसायला बोलावत आणि अर्धा दिवस त्यात जाई.

साध्या कामगाराला महिन्याला सात-आठ रुपयांपासून पुढे मिळत, कुशल विणकराला त्याहून बरेच जास्त, बायका-मुलांना कमी. पण आकड्यापेक्षा मोठा त्रास पगार मिळण्याच्या पद्धतीचा होता. महिना संपून पुढचा अर्धा-पाऊण महिना उलटला तरी पैसे हातात नाहीत. कामगार सोडून जाऊ नये म्हणून ते अडकवून ठेवलेले. तोवर वाण्याची उधारी आणि मारवाड्याचं व्याज. एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापायचा प्रकारही चाले. कापडात खोट निघाली तर ते कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करत.

सगळ्या जातींना सारखं काम मिळायचं का?

नाही. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना घेत नसत. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी बसवली की धागा तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावा लागे आणि उष्टा धोटा चालणार नाही, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. मालकांनी ते निमूट मान्य केलं होतं. त्यामुळे महार कामगार कमी पगाराच्या सूत खात्यात अडकून राहिले. हा प्रकार विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालू होता. कामगारांच्या एकीबद्दल बोलताना हे झाकायचं कारण नाही.

१८८१चा फॅक्टरी कायदा मँचेस्टरच्या दबावामुळे आला, असं म्हणतात. मग तो कामगारांच्या बाजूचा कसा?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुंबईचं सूत स्वस्त पडतं, कारण तिथे तासांना मर्यादा नाही, अशी लँकेशायरच्या मालकांची तक्रार होती. १८७५ साली इंग्लंडमधले सुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात हिंदुस्थानातल्या गिरण्यांचा प्रश्न काढला आणि त्याच साली मुंबई सरकारने चौकशी समिती नेमली. मुंबईच्या मालकांनी आपली संघटना त्याच वर्षी स्थापन केली, हा योगायोग समजू नका. मालकांची संघटना कामगारांच्या संघटनेच्या नऊ वर्षं आधीची आहे.

पण शहरातल्याच एका माणसाने हा विषय मनावर घेतला होता. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मुलांच्या आणि बायकांच्या कामावर मर्यादा घालणारा मसुदा तयार केला आणि त्यासाठी आपल्याच समाजातल्या धनिकांचा रोष पत्करला.

शेवटी १८८१ साली जो कायदा झाला तो फारच तोकडा होता. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास, महिन्याला चार सुट्ट्या, धोकादायक यंत्रांना कुंपण. मोठ्या पुरुषांबद्दल आणि बायकांबद्दल एक शब्द नाही. मुलाच्या जन्माची नोंदच नसल्यामुळे डॉक्टर दात बघून वय ठरवत!

नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

जन्म १८४८, ठाणे. फुलमाळी समाजातलं गरीब घर, मूळ पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. शिक्षण मॅट्रिकच्या आसपास. रेल्वे आणि टपाल खात्यात काम केल्यावर ते एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. गिरणीच्या आत काय चालतं हे त्यांनी तिथे पाहिलं. म्हणजे ते यंत्रावरचे कामगार नव्हते आणि बंगल्यातले सुधारकही नव्हते.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते मुंबईतले महत्त्वाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र बंद पडल्यावर लोखंड्यांनी ते १८८० साली मुंबईत पुन्हा चालू केलं आणि अखेरपर्यंत चालवलं. गिरणीतले अपघात, दंड, मुकादमांची मनमानी यांना छापील जागा मिळाली ती या पत्रात.

१८८४ साली नेमकं काय झालं?

सरकारने फॅक्टरी कायद्याचा पुन्हा विचार करायला समिती नेमली होती. मालक आपली बाजू मांडणार हे ठरलेलंच होतं. कामगारांच्या वतीने कोण बोलणार? सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली. साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज समितीकडे गेला. मागण्या पाच:

दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा जायबंदी झाला तर पोटापाण्याची सोय.

पगारवाढीची मागणी यात नाही. आधी आपला वेळ आणि आपलेच पैसे वेळेवर द्या, एवढंच म्हणणं. शेवटची मागणी तर काळाच्या कितीतरी पुढची होती, देशात कामगार भरपाईचा कायदा यायला १९२३ साल लागलं.

रविवारची सुट्टी लोखंड्यांमुळे मिळाली, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज खरा आहे का?

अर्धा. सरकारी कचेऱ्या आणि गोऱ्या कंपन्या आधीपासून रविवारी बंदच असत. तेव्हा देशात सर्वांना रविवार लोखंड्यांनी दिला, हे विधान ताणलेलं आहे. गिरणी कामगारांपुरतं मात्र श्रेय निःसंशय त्यांचं.

१८८४च्या अर्जानंतर वर्षं गेली, काही हललं नाही. १८८९ साली पुन्हा अर्ज झाला. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. दहा हजारांच्या आसपास माणसं जमली. दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हे. सभेने साप्ताहिक सुट्टीचा अर्ज मालकांच्या संघटनेकडे धाडला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे देशावरच्या माणसाला ही सुट्टी परकी वाटायचं कारण नव्हतं.

मग ही भारतातली पहिली कामगार युनियन म्हणायची का?

आजच्या अर्थाने नाही. सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही, नियमावली नाही. लोखंडे अध्यक्ष आणि जो येईल त्याला सल्ला देणारे. सरकारी अहवालानेही ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. बंगालमध्ये शशिपद बॅनर्जींनी १८७० सालीच ताग कामगारांसाठी मंडळ काढलं होतं, पण त्याचा भर शिक्षण आणि दारूबंदीवर होता. वर्गणी घेणारी, सभासद नोंदवणारी युनियन पुढे १९१८ साली मद्रासला उभी राहिली.

तरीही लोखंड्यांची संघटना पहिली मानायला माझी हरकत नाही. कामगारांच्या तक्रारी कामगारांच्या सह्यांनिशी, मालकाच्या मेहेरबानीऐवजी सरकारच्या कायद्याकडे नेणं, हे इथे पहिल्यांदा झालं. मात्र अर्ज-सभांचं हे काम वरच्या मजल्यावर चालू होतं आणि गेटवरचे संप खाली. दोघांना जोडणारा जिना त्या शतकात बांधला गेला नाही.

म्हणजे संप होत होते?

भरपूर. १८७७ साली नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पगारावरून संप झाला, गिरणी सुरू झाली त्याच वर्षी. मुंबईत १८८०-९०च्या दशकांत पगार थकला, दर कापला, मुकादम बदलला, दंड वाढला अशा कारणांनी छोटे संप सतत होत. बहुतेक एका गिरणीपुरते, कित्येकदा एका खात्यापुरते, दोन-चार दिवसांचे. ठराव नाही, पुढारी नाही. म्हणून कागदोपत्री त्यांची नोंद ‘किरकोळ गडबड’ एवढीच होते. लोखंड्यांचा स्वतःचा कल संपाकडे नव्हता. अर्ज, साक्ष, सभा हा त्यांचा मार्ग.

फुले या चळवळीत कुठे होते? आणि टिळक?

चळवळीचं मनुष्यबळ सत्यशोधकांचं होतं. सभेला माणसं आणणारी, पत्र चालवणारी, मुंबईतल्या कामाठी कंत्राटदारांकडून पैसा उभा करणारी तीच मंडळी. फुल्यांचं लिखाण शेतकऱ्याबद्दल आणि लोखंड्यांचं काम गिरणीतल्या त्याच शेतकऱ्याच्या भावाबद्दल, असं पाहिलं की दोघांचा सांधा दिसतो. मतभेदही होते. फुल्यांचं सरकारवर जहाल टीका करणारं लिखाण ‘दीनबंधु’ने थोडं छापून थांबवलं, त्यावरून फुले चिडले होते. लोखंड्यांनी समाजाची इतर कामंही केली. विधवांचं केशवपन करणार नाही असं नाभिकांनी १८९० साली ठरवलं, त्यामागे त्यांचीच खटपट होती.

राष्ट्रीय बाण्याच्या बहुतेक पत्रांनी, त्यात टिळकांचं ‘मराठा’ही आलं, फॅक्टरी कायद्यांना विरोध केला. देशी उद्योग बाल्यावस्थेत आहे, मँचेस्टर त्याचा गळा घोटतंय, असा युक्तिवाद. तो खोटा नव्हता, पण तो करणाऱ्यांपैकी कुणी चौदा तास साच्यासमोर उभं नव्हतं. याच टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद पाडली.

१८९१च्या कायद्याने काय बदललं?

१८९०च्या फॅक्टरी आयोगावर स्थानिक सभासद म्हणून लोखंडे होते आणि सोराबजी बंगालीही. कायदा आता पन्नास कामगारांच्या कारखान्यापर्यंत आला. नऊ वर्षांखाली बंदी, नऊ ते चौदा वयाला सात तास, बायकांना अकरा तास, सर्वांना दुपारी अर्धा तास आणि आठवड्याला एक सुट्टी. पुरुषांच्या तासांना मर्यादा नाहीच. ती १९११ साली आली.

प्लेगचा या सगळ्यावर काय परिणाम झाला?

१८९६च्या पावसाळ्याअखेर मांडवीत प्लेग सुरू झाला आणि फेब्रुवारीपर्यंत निम्म्याच्या आसपास शहर रिकामं झालं. बोटी आणि गाड्या भरभरून माणसं गावी पळाली. गिरण्यांना हात मिळेनात. मग जे मालक पगार महिनाभर अडकवून ठेवत, तेच रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला तयार झाले, एकमेकांवर बोली लावून. बारा वर्षांच्या अर्जांनी जे झालं नव्हतं ते थोड्या दिवसांसाठी का होईना झालं. साथ ओसरली तशी जुनी पद्धत परत आली.

लोखंडे मुंबई सोडून गेले नाहीत. रुग्णांसाठी इस्पितळ चालवताना त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. महिनाभरात पुण्यात सावित्रीबाईही त्याच साथीत गेल्या. लोखंड्यांच्या जागी उभं राहील असं कुणी नव्हतं, संघटना विझली. १९०९ साली कामगार हितवर्धक सभा निघेपर्यंत मधली बारा वर्षं मोकळीच आहेत. टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं ते २००५ साली.

आमचे खापरपणजोबा त्या काळात परळच्या गिरणीत होते म्हणतात. त्यांचा माग कसा काढायचा?

गिरणीच्या हजेरीपटाच्या मागे लागू नका. बदलीवाला पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर काम करायचा, त्यामुळे पट मिळाला तरी नाव तेच असेल याचा भरवसा नाही. गावाकडून सुरुवात करा. जुने सातबारा-फेरफार, देवस्थानाच्या वर्गणीच्या वह्या आणि लालबाग-परळला गावकीची खोली असेल तर तिथल्या मंडळाचं दप्तर बघा. मुंबईहून आलेल्या देणग्यांच्या नोंदीत नाव, कधी चाळीचा पत्ताही सापडतो. एवढं हाती आल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जा, कारण तिथे विषय आणि साल ठाऊक असल्याशिवाय नुसत्या आडनावावर काही निघत नाही.